पुरंदरच्या तहाची पंधरा मिनिटं

परदेशातून दिवाळीला घरी आलेल्या पुणेकराचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहिले दोन दिवस झोपेचं खोबरं. मग दातांचा डॉक्टर, कारण तिकडे एका दाढेला जे मोजावे लागतात त्यात इकडे अख्खी बत्तिशी नवी होते. मग बँक, कारण सही जुळत नाही. मग कुलदैवत. मग ज्यांच्याकडे गेलं नाही तर आईला वर्षभर ऐकून घ्यावं लागेल अशी घरं, प्रत्येक घरी चकली आणि "तिकडे थंडी फार, नाही?" हा प्रश्न. एवढं सगळं उरकलं की राहतो गड. कुलदैवताला 'पुढच्या वर्षी नक्की येतो' असं हात जोडून सांगता येतं. देव समजून घेतो. मित्र घेत नाहीत.

मराठी पुरुषाला मित्राला नुसतं भेटता येत नाही, हे माझं जुनं निरीक्षण आहे. बायका भेटायचं म्हणून भेटतात, बोलायचं म्हणून बोलतात. आमच्यातल्या एकानं दुसऱ्याला फोन करून "ये रे संध्याकाळी, बसू, बोलू" असं म्हटलं, तर पलीकडचा जरा वेळ गप्प राहतो आणि मग हळूच विचारतो, "किती हवेत?" त्यापेक्षा "पहाटे चारला निघू, राजगड मारू" हे म्हणणं सोपं. ते गैरसोयीचं आहे, घामाचं आहे, त्यात कुणाचा तरी पाय मुरगळण्याची हमी आहे. म्हणजे त्यात प्रेमबिम असल्याचा संशय कुणालाच येणार नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारी पोरं मोठी झाली की खऱ्या किल्ल्यावर जातात, इतकीच आमची प्रगती.

आमच्या टोळीत नावं नाहीत, हुद्दे आहेत. ते कॉलेजात वाटले गेले आणि त्यानंतर कुणालाही बढती मिळालेली नाही. 'सरपंच' सगळे निर्णय घेतो. निवडणूक कधी झाली ते कुणाला आठवत नाही. 'खजिनदार' वर्गणी गोळा करतो आणि हिशेब देतो, दोन्ही नको इतकं चोख. 'मास्तर' पोटासाठी विमा विकतो, पण गडाचा पायथा दिसला की इतिहास शिकवू लागतो. 'गार्ड' कायम शेवटच्या डब्यात. तो आला की गाडी पूर्ण आली असं समजायचं. मलाही एक हुद्दा होता, तो छापण्याजोगा नाही. हल्ली मला 'पाहुणे' म्हणतात. "पाहुणे, टाक्यातलं पाणी चालेल ना, का फिल्टर आणू?" हे असं.

गड ठरवायची बोली वरून सुरू होते आणि खाली खाली येते. पहिल्या दिवशी सरपंचानं व्हॉट्सॲपवर लिहिलं: नळीच्या वाटेनं कोकणकडा. सगळ्यांनी अंगठे दाखवले. नळीची वाट म्हणजे हरिश्चंद्रगडाला कोकणातून, कड्याच्या कुशीतून भिडायचं. तिथे नुसत्या अंगठ्यानं भागत नाही, दहाही बोटं लागतात. दुसऱ्या दिवशी अलंग-मदन-कुलंग निघालं. मदनला दोर लागतो हे कुणीतरी आठवून दिल्यावर राजगड ते तोरणा. तिसऱ्या दिवशी गार्डनं काहीही न लिहिता स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे टाकला. त्यावर रात्रभर कुणी बोललं नाही. सकाळी खजिनदारानं सुचवलं: सिंहगड, गाडीनं वर, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि परत. इथे मात्र सरपंचाचा स्वाभिमान जागा झाला आणि हातोडा राजगडावर पडला. गुंजवण्याहून चोर दरवाज्यानं वर, त्याच दिवशी खाली.

घरोघरच्या परवानग्या निघाल्या. सरपंचाच्या घरी वहिनींनी एवढंच विचारलं, "बरोबर कुणी तरुण माणूस आहे का?"

मी देश सोडला तेव्हा राजगड वेल्हे तालुक्यात होता. परत येऊन बघतो तर तालुक्याचंच नाव राजगड झालेलं. शिवाय २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, त्यातही हा आहे. म्हणजे बढती मिळाली ती गडाला. सरपंचाच्या पायात मात्र तेच ॲक्शनचे बूट. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला हे बूट सांगायला नकोत: स्वस्त, कळकट आणि कातळाला धरून राहणारे. माझ्या पायात तिकडून आणलेले, पाणी आत न येऊ देणारे बूट. त्यांच्या किमतीचे रुपये करायचे नाहीत असं घरात ठरलेलं आहे. मुरमाच्या पहिल्याच घसाऱ्यावर त्यांनी शब्द पाळला. बूट कोरडे राहिले, बाकीचा मी घसरत गेलो.

सॅकांची पोटंही बदलली आहेत. पूर्वी तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे आणि पत्ते असायचे. आता नी-कॅप, मलम, ओआरएस आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची वारांची नावं लिहिलेली डबी. त्यात दिवाळी नुकतीच झालेली, त्यामुळे प्रत्येक घरानं उरलासुरला फराळ आमच्या पाठीवर ढकलून डबे मोकळे करून घेतले होते. गार्डच्या घरचे शंकरपाळे इतके कडक, की ते दरीत भिरकावून द्यावेत अशी सूचना आली तेव्हा तो म्हणाला, "खाली गाव आहे."

कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, नसरापूर फाट्यावर मिसळ. चढाआधी मिसळ खाऊ नये हे आम्हाला ठाऊक असतं. मिसळीलाही ठाऊक असतं, पण ती आपलं म्हणणं चढ लागल्यावर मांडते.

आणि चढ लागला की पन्नाशीकडे झुकलेल्या माणसापुढे एकच प्रश्न उभा राहतो: थांबायचं कसं? दम लागला म्हणून थांबणं आमच्यात बसत नाही. त्याला कारण द्यावं लागतं. बुटाची नाडी हे सर्वात जुनं कारण. ती एका पायाची सुटली की दुसऱ्याचीही तपासून घ्यावी लागते. मग फोटो. गार्डच्या फोनमध्ये राजगडाच्या वाटेवरच्या गवताचे इतके फोटो आहेत, की वनस्पतिशास्त्राच्या विभागानं मागून न्यावेत. मग पक्षी. "तो बघ सर्पगरुड!" असं ओरडून आकाशाकडे बोट केलं की सगळे माना वर करून उभे राहतात. ती घार आहे हे सगळ्यांना दिसत असतं. कुणी बोलत नाही.

पण हे सगळे फुटकळ थांबे. खरी विश्रांती मास्तराकडे. त्याला प्रश्न विचारला की तो थांबतो, काठी रोवतो आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहतो. चालता चालता इतिहास सांगणं त्याच्या लेखी इतिहासाचा अपमान. वर्षानुवर्षांच्या सरावानं आम्ही त्याचे दर ठरवून ठेवलेत. नुसतं साल विचारलं तर एक मिनिट: सईबाईंचं निधन १६५९, याच गडावर, राजाराम महाराजांचा जन्म १६७०, तोही इथलाच. गडाचं जुनं नाव विचारलं तर तीन मिनिटं, कारण 'मुरुंबदेव' एवढं सांगून तो थांबत नाही, त्या डोंगराची राजधानी कशी झाली तिथपर्यंत जातो. गडाचा घेर विचारला तर पाच. मोगली ग्रंथात हा घेर बारा कोस दिला आहे, असं त्यानं सांगितल्यावर गार्ड धापा टाकत म्हणाला, "तो मोगल सरपंचाच्या शॉर्टकटनं आला असणार."

पुरंदरच्या तहाची पंधरा मिनिटं. १६६५, मिर्झाराजे जयसिंग, २३ किल्ले दिले, १२ ठेवले, ठेवलेल्यांत राजगड. गार्ड पक्का आहे. तो ठेवलेल्या बाराही किल्ल्यांची नावं विचारतो. मास्तर अकरापर्यंत सुसाट येतो आणि बाराव्याला अडतो. तो आठवेपर्यंत आमच्या छातीचे ठोके माणसात आलेले असतात.

कातळाचा टप्पा लागला, जिथे धरायला लोखंडी कठडे लावलेत, तिथे खजिनदारानं आग्र्याहून सुटका काढली. हा आमचा राखीव दारूगोळा. १६६६ च्या ऑगस्टात महाराज निसटले हे सगळ्यांना मान्य, पण राजगडावर नेमके कोणत्या तारखेला पोचले यावर इतिहासकारांचे मतभेद आहेत. आणि मतभेदांइतकी ऐसपैस सावली त्या उघड्या सोंडेवर दुसरी कुठलीच नाही.

आम्ही त्या सावलीत असताना खालून एक मावशी आल्या. डोक्यावर ताकाची कळशी, हातात काकड्यांची पिशवी, पायात प्लास्टिकच्या चपला, श्वास अगदी घरात बसल्याचा.

"का रं बाळांनो, दमलात व्हय?"

"नाही मावशी," सरपंच म्हणाला, "इतिहास चाललाय."

"चालू द्या," म्हणाल्या आणि कठड्याला हातही न लावता वर गेल्या.

"मावशी, किती राहिलं?" गार्डनं मागून आवाज दिला.

"ह्ये काय, आलंच की!"

आल्प्समध्ये वाटेवर पिवळ्या पाट्या असतात. अमुक शिखर, दोन तास दहा मिनिटं. दोन तास दहा मिनिटांनी ते शिखर येतं. त्यात भांडायला काही जागाच नाही. इथलं 'आलंच' हे सांगणाऱ्याच्या पायांनी मोजायचं असतं. मावशींचं आलंच मावशींना आलं. आम्हाला यायचं तेव्हा आलं.

चोर दरवाजा बांधणाऱ्यानं एका गोष्टीचा हिशेब अचूक केला होता: एका वेळी एकच माणूस, तोही वाकून. पोटाचा हिशेब त्यानं केला नव्हता, कारण मावळ्यांना ते नव्हतं. गार्ड सॅकसकट आत शिरला आणि तिथेच राहिला. मागे कॉलेजच्या पोरांची रांग लागली. "काका, आधी सॅक काढा," एक मुलगी म्हणाली. दुसरा म्हणाला, "काका, श्वास सोडा." गार्डनं दोन्ही सल्ले ऐकून घेतले आणि काकांच्या वयाला शोभेल अशा शांतपणे तिथेच उभा राहिला. त्या क्षणी खालून शत्रू आला असता तर त्यानं एकट्यानं गड राखला असता.

दरवाज्यातून वर आलं की समोर पद्मावतीचं तळं. त्याच्या काठी मावशींचं दुकान केव्हाच मांडून झालं होतं, आणि डब्यावर चिकटवलेला क्यूआर कोड त्या पदरानं पुसत होत्या. माझं तिकडचं कार्ड तिथे चालणार नव्हतं. खजिनदारानं ताकाचे पैसे भरले आणि वहीत लिहिले. हा माणूस सहकारी बँकेत संगणकासमोर बसतो, पण ट्रेकचा हिशेब अजून वहीत लिहितो.

पद्मावतीच्या देवळापाशी आलं की पातेल्याचा विषय निघतो. काढावा लागत नाही, निघतो. गोष्ट कॉलेजातली. ट्रेकर मंडळी वर्षानुवर्षं ज्या देवळात पथारी पसरत आली, तिथेच आम्ही मुक्काम केला होता. रात्री मास्तरनं कंदिलाच्या उजेडात गोनीदांची 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून दाखवली, आणि त्या भरात असं ठरलं, की पहाटे सुवेळा माचीवर जायचं आणि नेढ्यात बसून खिचडी खायची. नेढं म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक. तिथे वारा असा असतो की बोललेलं वाक्य तोंडात परत येतं. खिचडीचं पातेलं जर्मनचं होतं आणि खजिनदाराच्या आईचं होतं. ते खिचडीसकट खाली गेलं. इथपर्यंत सर्वांचं एकमत आहे.

पुढे मात्र प्रत्येकाची वेगळी बखर. मास्तर म्हणतो, गार्डचा पाय लागला. गार्ड म्हणतो, त्याचा पाय लागायला तो तिथे पोचलाच नव्हता, आणि हे त्याच्या बाबतीत सहज पटण्यासारखं आहे. सरपंच म्हणतो, वारा. खजिनदाराचं म्हणणं, वारा पातेलं उचलत नाही, आधी कुणीतरी ते कडेला ठेवावं लागतं. आणि असं म्हणताना तो माझ्याकडे बघतो. मी त्या वेळी नेढ्याच्या पलीकडच्या तोंडाशी सूर्य बघत होतो. साक्षीदार म्हणून सूर्य सोडून माझ्याकडे कुणी नाही.

पिठलं-भाकरी सांगून आम्ही बालेकिल्ल्याकडे निघालो. गडाच्या पोटातून वर आलेला हा आणखी एक गड. वाट अरुंद, एका बाजूला कातळ, दुसरीकडे काही नाही. सरपंच पुढे, मग मी, मागे बाकीचे. अशा वाटेवर माणसं एकामागे एक चालतात, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. टेबलाभोवती बसून जे जन्मात बोललं जाणार नाही, ते अशा ठिकाणी समोरच्याच्या सॅककडे बघत बोललं जातं.

"गुढीपाडव्याच्या सुमारास एक स्टेंट टाकली," सरपंच कातळाला म्हणाला.

कुणी काही बोललं नाही. काठ्यांचा आवाज तेवढा येत राहिला. मग खजिनदारानं विचारलं, "मेडिक्लेम पूर्ण पास झाला का?"

"झाला."

"कळवलं का नाहीस?"

"कुठे, ग्रुपवर? तुम्ही गुलाबाची फुलं टाकली असती."

"डॉक्टर काय म्हणाला?" मी.

"चाला म्हणाला."

"किती?"

"ते विचारलं नाही."

गार्ड, जो इतिहासात कधी पुढे आलेला नव्हता, सगळ्यांना ओलांडून पुढे आला आणि म्हणाला, "सॅक दे इकडं." सरपंचानं दिली नाही. गार्डनं ती काढून घेतली. आणि मग त्या उभ्या चढावर प्रश्नांचा जो भडिमार सुरू झाला तसा मास्तरच्या आयुष्यात कधी झाला नसेल. बालेकिल्ल्याचा दरवाजा कुणी बांधला? अफजलखानाचं शिर इथेच पुरलं असं सांगतात ते खरं का? राजधानी रायगडावर का नेली? नेली ती नेली, आधी का नाही नेली? दर दहा पावलांवर एक प्रश्न. मास्तर आधी हरखला, मग त्याला उमजलं. पुढे तर कुणी काही विचारण्याआधीच तो थांबून काठी रोवायला लागला. एका पायरीवर तो चुना भिजवायच्या पद्धतीवर बोलला, आणि त्या विषयात त्याला ओ की ठो कळत नाही.

"साल्यांनो," शेवटी सरपंच म्हणाला, "मला समजतंय."

"मग उत्तर दे," गार्ड म्हणाला. "बारावा किल्ला कुठला?"

बालेकिल्ल्यावर पोचल्यावर करायची गोष्ट एकच: भोवतालच्या डोंगरांची नावं सांगणं. पश्चिमेला तोरणा, तो चुकत नाही. सिंहगडही शेंबडं पोर ओळखतं, कारण त्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे. मनोरा उभारणाऱ्यांनी ट्रेकरांवर केवढे उपकार केले आहेत. त्यापलीकडे धुरकट रेषांवर मात्र लोकशाही सुरू होते. सरपंचानं ज्याला लिंगाणा ठरवलं, तो मास्तरच्या मते लिंगाण्याच्या बराच डावीकडचा कुठलातरी अनाम डोंगर. दोघांची बोटं हवेत, मधला कोन वाढत चाललेला, आवाज तापलेले. तेवढ्यात चोर दरवाज्यातल्या पोरांपैकी एकानं फोन आडवा धरला. त्यात असं ॲप होतं, की डोंगराकडे धरलं की पडद्यावर नाव उमटतं. "काका, हा बघा लिंगाणा," तो म्हणाला. तो दोघांच्याही बोटांवर नव्हता. सरपंच आणि मास्तर यांचं त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झालं: ॲप चुकीचं आहे.

उतरण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चढताना माणसाची छाती बोलते, उतरताना गुडघे, आणि गुडघ्यांची भाषा सभ्य नसते. दुसऱ्या दिवशी मी घरातल्या जिन्यावरून उलट्या पावलांनी उतरत असताना आईनं विचारलं, "हेच करायला तिकडून एवढं तिकीट काढून आलास?" ग्रुपवर सगळे आपापल्या पायांच्या बातम्या टाकत होते. सरपंचानं नळीच्या वाटेचा नकाशा टाकला होता. वहिनींनी त्याच्या फोनवरून तो पुसला असावा, कारण दुपारी तिथे नव्हता.

संध्याकाळी खजिनदारानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. डिझेल, टोल, मिसळ, ताक, काकडी, पिठलं-भाकरी. सगळं माणशी वाटून, खाली रेघ. रेघेखाली आणखी एक ओळ: 'पातेलं, जर्मन, आईचं, १ नग. येणे: पाहुणे.' मी फोन करून याचं कारण विचारलं. तो म्हणाला, "बाकीचे इथेच आहेत, त्यांच्याकडून केव्हाही वसूल होईल. तू परवा विमानात बसणार."

ती रक्कम मी भरलेली नाही. सरपंचानं निकाल राखून ठेवला आहे; पुढची तारीख पुढच्या दिवाळीनंतरची, जागा तोरणा, आणि आरोपीनं जातीनं हजर राहायचं आहे.